रक्ताचा वारसा आणि कमल रणदिवे

घरातील एखाद्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला की नातेवाइकांत पहिली चर्चा सुरू होते ती घराण्याची. दोष आईच्या माहेरचा की वडिलांच्या कुळाचा, याचा शोध जळगाव-धुळ्याकडील सुशिक्षित कुटुंबांतही घेतला जातो. आनुवंशिकता म्हणजे ललाटीचा लेख, ही समजूत त्यामागे असते. या समजुतीला उत्तर म्हणून डॉ. कमल रणदिवे यांच्या चरित्राकडे पाहता येईल.

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. परंतु कमलताईंनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय निवडले. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली, ती सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून. आनुवंशिकतेचा धागा असा प्रथम झाडापानांतून त्यांच्या हाती आला.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राची धुराही त्यांनी सांभाळली. रक्ताचा, स्तनाचा व अन्ननलिकेचा कर्करोग हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. उंदरांवरील प्रयोगांत त्यांना दिसले की कर्करोगाची प्रवणता एका कारणाने ठरत नाही; वंशाकडून आलेली घडण, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परांवर परिणाम होत असतो. कुष्ठरोगाच्या जंतूंविषयीचे त्यांचे कार्यही लसीच्या संशोधनास उपकारक ठरले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बीज आणि भूमी यांचा एकत्र विचार करण्याची ही दृष्टी आज रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली आहे. रक्ताचा कर्करोग बहुतेक रुग्णांत आईवडिलांकडून आलेला नसतो. तो बदल रुग्णाच्याच रक्तपेशींत घडलेला असतो. मात्र उपचारांच्या काळात कोणाला जंतुसंसर्गाचा धोका अधिक, यात वारशाचा काही वाटा असतो. मर्कॅप्टोप्युरीन हे या उपचारातील नेहमीचे औषध. एनयूडीटी-१५ या जनुकात विशिष्ट भेद असलेल्या मुलांना त्याची नेहमीची मात्राही सोसत नाही; पांढऱ्या पेशी अतिशय घटतात आणि जंतूंना दार मोकळे मिळते. हा भेद युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतो. पण तो आधी कळला तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. म्हणजे वारसा बदलला नाही, तरी त्याचा परिणाम बदलता येतो.

खानदेशाला हा धडा अगदीच नवा नाही. सातपुड्यातील आदिवासी वस्त्यांत आढळणारा सिकलसेल हा कर्करोग नव्हे, पण तोही रक्ताचाच वारसा आहे. त्यात प्लीहा निकामी होऊन लहान मुले जंतुसंसर्गाला बळी पडतात; वेळीच तपासणी, लस व पेनिसिलीन मिळाल्यास ती वाचतात.

म्हणून कुळाचा दोष काढण्यात वेळ दवडणे व्यर्थ आहे. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला, तर काढा देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. जनुकतपासणीची सोय मात्र मुंबईपुरती न राहता जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांतूनही मिळाली पाहिजे. आनुवंशिकता हा निकाल नसून आगाऊ मिळालेली सूचना आहे, आणि ती वाचण्याची सोय करणे हे शासनाचे व समाजाचे कर्तव्य आहे.