स्टारफिशला काटा टोचून त्यांनी शरीराचे पहारेकरी शोधले, फॅटी लिव्हरच्या गोष्टीतही तेच पहारेकरी आहेत

रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर लिहून आलं की आपण तेलातुपाला दोष देऊन मोकळे होतो. पण लिव्हर बिघडण्यात शरीराच्या पहारेकरी पेशींचाही हात असतो. या पेशींचं काम जगाला समजावलं एली मेचनिकॉफ यांनी.

त्यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. १८७३ मध्ये पहिली पत्नी टीबीने गेली. खचलेल्या मेचनिकॉफ यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण ते वाचले.

१८८२ मध्ये ते इटलीतल्या मेसिना शहरात होते. एक दिवस घरचे सर्कस बघायला गेले आणि हे मायक्रोस्कोपखाली स्टारफिशची आरपार दिसणारी पिल्लं बघत बसले. आत फिरणाऱ्या पेशी शरीराचं रक्षण करत असाव्यात, अशी त्यांना शंका आली. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे पिल्लांना टोचले. सकाळी बघतात तर पेशींनी काट्याला वेढा घातलेला!

जंतू गिळणाऱ्या या पेशींना फॅगोसाइट नाव मिळालं, त्यातल्या मोठ्यांना मॅक्रोफेज. अनेक शास्त्रज्ञांनी ही कल्पना उडवून लावली. पण १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली आणि १९०८ मध्ये पॉल एरलिच यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

आता लिव्हरकडे येऊ. तिथे कायम मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेजना कुप्फर पेशी म्हणतात. आतड्याकडून रक्तातून आलेले जंतू त्या गिळतात. पण चरबी साठून लिव्हरच्या पेशी जखमी व्हायला लागल्या की या पहारेकरी पेशी बिथरतात. रसायनं सोडून आणखी पेशींना बोलावतात. सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली तर लिव्हरमध्ये व्रणासारखे कडक धागे तयार होतात. याचं शेवटचं टोक म्हणजे सिरोसिस.

राखणदार पेशी आपल्याच शरीरावर उलटू शकतात, असं मेचनिकॉफ यांनीही उतारवयात मांडलं होतं. आतड्यातल्या जंतूंना आवर घालायला ते रोज आंबवलेलं दूध प्यायचे. म्हातारपणाबद्दलचे त्यांचे सगळे अंदाज खरे ठरले नाहीत. १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाला सिरोसिस होत नाही. वेळीच वजन कमी केलं तर चरबी आणि सूज दोन्ही उतरू शकतात. काटा निघाला की पेशींचा वेढाही सैल पडतो.