नाना शंकरशेट आणि शिक्षणमंडळाची सभा

सभेंत दहा जणांच्या होकारांत आपला होकार मिसळणें सोपें असतें. परंतु अध्यक्षांच्या मताविरुद्ध, शांतपणें व कारणें देऊन उभें राहणें फार थोड्यांस साधतें. मुंबईचे थोर नागरिक जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे अशा थोड्यांपैकीं एक होत. त्यांच्या ह्याच गुणाकडे आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजीं एका धनाढ्य दैवज्ञ कुटुंबांत झाला. १८२२ सालीं वडील निवर्तले व ऐन एकोणिसाव्या वर्षीं पेढीचा सारा भार त्यांच्यावर पडला. धन व तारुण्य एकत्र आलीं असतां पाऊल घसरण्यास वेळ लागत नाहीं. पण नानांनीं आपलें धन लोककार्यास लाविलें. एलफिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाखालीं निघालेल्या शाळा-पुस्तक मंडळीच्या कामांत ते आरंभापासून झटले.

१८४० सालीं मुंबई इलाख्यांतील शाळांच्या देखरेखीसाठीं शिक्षणमंडळ स्थापन झालें. त्यांत अध्यक्षांखेरीज सहा सभासद असून तिघे एतद्देशीय होते. त्यांत नाना होते. पुढें सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष झाले. सरकारकडून मिळणारा पैसा थोडा. तो इंग्रजी शिक्षणावर खर्चून मोजकेच लोक उत्तम तयार करावे, असें त्यांचें मत होतें. नानांना हें पटेना. शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या मुलास परक्या भाषेंतून पहिला धडा दिला, तर त्याचीं वर्षें शब्द घोकण्यांतच जातील व बहुजनसमाजापर्यंत ज्ञान कधींच पोहोंचणार नाहीं, अशी त्यांची खात्री होती. कर्नल जर्व्हिस व एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूस होते. १८४७-४८ च्या सुमारास हा वाद विकोपास जाऊन सरकारपर्यंत गेला.

सरकारनें कोणत्याही एका पक्षाचें म्हणणें पूर्णपणें मान्य केलें नाहीं. तथापि प्राथमिक शाळांतून देशभाषा हद्दपार झाल्या नाहींत, आणि १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानेंही सामान्य जनांच्या शिक्षणासाठीं देशभाषांचाच पुरस्कार केला.

नाना इंग्रजीचे वैरी होते असें मात्र कोणीं समजूं नये. १८५७ सालीं त्यांनीं स्वतःच्या द्रव्यानें इंग्रजी-मराठी शाळा काढिली. त्याआधीं, मुलींस शिकविणें लोकांस रुचत नव्हतें अशा काळीं, त्यांनीं कन्याशाळेस आपल्या वाड्यांत जागा दिली होती.

शहराच्या कारभारांतही त्यांचें वर्तन असेंच होतें. सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमि दूर शिवडीस नेण्याचा विचार निघाला, तेव्हां इतक्या लांब प्रेत वाहून नेतांना गोरगरिबांचे किती हाल होतील हें त्यांनीं सरकारच्या निदर्शनास आणिलें व तो बेत रहित करविला. १८६२ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत त्यांची नेमणूक झाली. ३१ जुलै १८६५ रोजीं ते परलोकवासी झाले.

पालकहो, शाळेच्या वा नगराच्या सभेचें बोलावणें आलें म्हणजे तें बाजूस सारूं नका. मुलांनो, तुम्हीही मोठेपणीं अशा सभांत बसाल. तेव्हां जो तेथें हजर नाहीं, त्या मुलाच्या वतीनें बोलावयास विसरूं नका. नानांनीं तेंच केलें.