जोसेफ व्हिटवर्थ

बोल्टावर चाकी फिरवली की ती घट्ट बसते. दोन्ही वस्तू निरनिराळ्या कारखान्यांत बनलेल्या असल्या, तरी माप एक असले म्हणजे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र असे नव्हते. यंत्राचा एखादा बोल्ट हरवला, की तो जिथे बनला त्या कारखान्याचीच वाट धरावी लागे. ही अडचण दूर करणारा कारागीर म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक होते. लहानपणीच त्याचे मातृछत्र हरपले. चौदाव्या वर्षी तो एका आप्ताच्या सूतगिरणीत गेला. त्याने पुढे तिचा कारभार पाहावा, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. पण जोसेफचे मन रमले ते यंत्रांत. अखेर तो गिरणी सोडून मँचेस्टरला पळाला व साधा कारागीर बनला. १८२५ मध्ये लंडनला जाऊन हेन्री मॉडस्ले या नामांकित यंत्रकाराच्या कारखान्यात तो राहिला. अचूकपणाचे व्रत त्याने तेथे घेतले. १८३३ मध्ये त्याने मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला.

मुलांनो, सळईवर आटे कसे पाडतात ठाऊक आहे का? डाय नावाच्या कठीण पोलादी तुकड्याला आतून धारदार दाते असतात. ती डाय दोन मुठींच्या दांड्यात पक्की बसवतात आणि सळईवर तेल सोडून फिरवतात. दाते धातू कापीत जातात व आटे उमटतात. दांडा जरासा कलला, तरी आटे वाकडे पडतात. पण हात कितीही सरळ असला, तरी एक प्रश्न उरेच. प्रत्येक कारखान्याची डाय निराळी. मग एकाची चाकी दुसऱ्याच्या बोल्टावर बसणार कशी?

आपलेच माप खरे, असा हट्ट व्हिटवर्थने धरला नाही. त्याने इंग्लंडमधील अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, ते बारकाईने मोजले आणि सर्वांच्या मापांचा मध्य काढला. १८४१ मध्ये त्याने आपली योजना मांडली. आट्यांचा कोन सर्वत्र ५५ अंशांचा असावा. पाव इंची बोल्टावर इंचाला २० आटे, अर्ध्या इंचीवर १२ आणि एक इंचीवर ८ असावेत, असे त्याने सुचवले. कोणताही कायदा नसताना कारखानदारांनी व रेल्वे कंपन्यांनी हळूहळू ही मापे स्वीकारली. इंग्रजी यंत्रांबरोबर ती भारतातही आली.

पुढे इंचाचा दशलक्षांश भाग दाखवणारे मापनयंत्रही त्याने बनवले. मिळवलेल्या धनातून होतकरू तरुणांसाठी त्याने शिष्यवृत्त्या ठेवल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी तो निवर्तला.

आज बहुतेक ठिकाणी मीटर पद्धतीचे आटे वापरतात. तरीही दूरदेशीची चाकी आपल्या बोल्टावर सहज फिरते, तेव्हा सर्वांचे बोल्ट मोजून सर्वांना मान्य होईल असा मध्य शोधणाऱ्या या कारागिराची आठवण ठेवावी.