दोर धरणारे मित्र

आजचं वाचन : उपदेशक ४:९-१२



माझ्या फोनमध्ये सातशेच्या वर नंबर आहेत. मंडळीच्या तीन व्हॉट्सअॅप ग्रुपमध्येही मी आहे. तरी मागच्या वर्षी नोकरी गेली तेव्हा तीन आठवडे मी कुणालाच सांगितलं नाही. रविवारी उपासनेला जायचो, सगळ्यांना हसून सलाम करायचो आणि घरी यायचो. त्याच दिवसांत विल्यम केरींचं चरित्र हातात आलं.

केरी आपल्याला माहीत आहेत ते मराठीमुळे. १८०५ साली त्यांनी मराठी व्याकरण छापलं, १८१० साली कोश. एकट्याने डोंगर हलवणारा माणूस, असंच मला वाटायचं. वाचल्यावर कळलं, ते एकटे कधीच नव्हते.

१७६१ साली इंग्लंडमधल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. पोटासाठी ते जोडे शिवायचे आणि लहानशा मंडळीत उपदेश करायचे. आसपासच्या मंडळ्यांतले मोजकेच पाळक त्यांचे जिवलग होते : अँड्र्यू फुलर, जॉन रायलंड, जॉन सटक्लिफ आणि पुढे सॅम्युअल पीअर्स. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात, एका विधवेच्या घरातल्या मागच्या खोलीत, मिशनरी सोसायटी स्थापन झाली. वर्गणीचा आकडा होता १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स!

फुलर पुढे हे सगळं एका चित्रातून सांगत. हिंदुस्थान म्हणजे एक खोल खाण. केरी आत उतरायला तयार झाले, पण वर राहणाऱ्यांनी जिवंत असेपर्यंत दोर सोडायचा नाही, असं वचन घेऊन. फुलरांनी ते पाळलं. स्वतःची मंडळी सांभाळून ते इंग्लंड-स्कॉटलंडभर वर्गणीसाठी फिरले आणि १८१५ साली मरेपर्यंत सोसायटीचे सेक्रेटरी राहिले. पीअर्सना तर स्वतःच हिंदुस्थानात यायचं होतं. समितीने जाऊ दिलं नाही. ते तिथेच राबले आणि १७९९ साली, अवघ्या ३३व्या वर्षी क्षयाने गेले.

इकडे केरी १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये पोहोचले. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. पत्नी डोरोथी यांचं मानसिक संतुलन ढळलं ते कायमचंच. इंग्लंडहून पहिली पत्रं यायला वर्षाहून जास्त काळ गेला. दोर होता, पण खाली हाताला लागत नव्हता.

१८०० साली श्रीरामपूरला त्यांना जवळचे दोन सोबती मिळाले : छपाई जाणणारे विल्यम वॉर्ड आणि शिक्षक जोशुआ मार्शमन. त्यांची पंगत एक, पैशाची थैली एक. शनिवारची संध्याकाळ मनातली अढी बोलून मोकळी करण्यासाठी राखून ठेवलेली. आमच्या ऑफिसातही दर दोन आठवड्यांनी रेट्रो होते, पण तिथे प्रोसेसबद्दल बोलणं होतं, मनाबद्दल नाही.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कित्येक वर्षांची हस्तलिखितं जळाली. केरी कलकत्त्यात होते. ही बातमी त्यांना चिठ्ठीने कळवली नाही, मार्शमन स्वतः तिथे गेले. वॉर्डने राखेतून खिळ्यांचे साचे शोधून काढले आणि काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. तिकडे इंग्लंडमध्ये फुलर आणि मित्रांनी सुमारे १०,००० पौंड जमवले.

मला सगळ्यात जास्त लागला तो भाग याच्या पुढचा आहे. सटक्लिफ १८१४ मध्ये गेले, फुलर १८१५ मध्ये. १८२३ मध्ये पटकीने वॉर्ड गेले, १८२५ मध्ये रायलंड. सोसायटीत नवी माणसं आली. ती वाईट नव्हती, पण त्यातल्या बहुतेकांना केरी फक्त कागदावरून माहीत होते. पैसा आणि मालमत्तेवरून संशय वाढला आणि १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले. माणूस तोच, काम तेच. ओळखीतला विश्वास तेवढा उरला नव्हता. १८३४ साली केरी गेले तेव्हा जुन्यांपैकी मार्शमन जवळ होते.

पुस्तक मिटलं आणि मी मोजायला बसलो : माझा दोर कोण धरील? सातशेमधून तीन नावं निघाली. त्यातल्या एकाला त्याच रात्री फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग, आधी का नाही सांगितलंस, म्हणून चिडला आणि तासाभरात डबा घेऊन दारात उभा राहिला. नोकरी लागायला पुढे चार महिने गेले. पण ते चार महिने त्या तीन आठवड्यांपेक्षा हलके गेले.

आजच्या वाचनातल्या दोरीला तीनच पेड आहेत, तीनशे नाहीत. आज एकच करा : त्या दोन-तीन जणांपैकी एकाला फोन लावा आणि खरं काय चाललंय ते सांगा. आणि तोही कुठे खाली लटकत असेल, तर त्याचा दोर तुमच्या हातात आहे का, तेही बघा.

प्रार्थना : प्रभू येशू, तू बारा जण निवडलेस आणि गेथशेमानेत तिघांना जवळ नेलंस. मला माझे थोडके मित्र ओळखू दे आणि त्यांचा दोर माझ्या हातून सुटू देऊ नकोस. आमेन.