डोनाल्ड डेव्हिस : ‘पॅकेट’चे नामकर्ते

डोनाल्ड डेव्हिस यांचा जन्म १९२४ साली वेल्समधला. काही महिन्यांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. १९४७ मध्ये ते ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत दाखल झाले व ॲलन ट्युरिंग यांच्या संगणक-प्रकल्पावर काम करू लागले. दूरध्वनीवर दोघे गप्प बसले तरी तार अडून राहते. संगणकांच्या तुटक संवादाला ही चैन परवडणारी नव्हती. १९६५ मध्ये त्यांनी मजकुराचे तुकडे करून ते सुटे धाडण्याची कल्पना मांडली आणि पुढे त्यांना ‘पॅकेट’ हे नाव दिले. अमेरिकेत पॉल बॅरन यांना हीच युक्ती आधी सुचली होती, पण डेव्हिस यांना ते ठाऊक नव्हते. दूरध्वनीची मक्तेदारी असलेल्या ब्रिटिश टपाल खात्याने मात्र देशव्यापी जाळ्याच्या त्यांच्या प्रस्तावाकडे पाठ फिरवली. ही अदूरदृष्टी ब्रिटनला महागात पडली. १९६९ मध्ये अर्पानेट उभे राहिले ते अमेरिकेत. २००० साली डेव्हिस निवर्तले, तेव्हा दूरध्वनीवरील आवाजही पॅकेटांतून धावू लागला होता.