समाजस्वास्थ्यकार र. धों. कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाव मात्र लोक बरीच वर्षे दबक्या आवाजात घेत. कारण त्यांनी हाती घेतलेला विषयच असा होता, की चारचौघांत तो काढणे म्हणजे पाप. तो विषय म्हणजे संततिनियमन.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. १८९१ साली आई राधाबाई बाळंतपणात वारल्या, तेव्हा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन पुढे रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले, पॅरिसलाही शिकून आले. मुंबईच्या विल्सन कॉलेजातली मानाची नोकरी होती. सुखाने आयुष्य काढायला आणखी काय हवे?

पण त्यांना घरोघरच्या स्त्रिया दिसत होत्या. एक मूल कडेवर, एक पदराला आणि एक पोटात, अशी त्यांची गत. १९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र काढले ते याच वर्षी! कॉलेजच्या चालकांना हे रुचले नाही. त्यांनी राजीनामा मागितला आणि रघुनाथरावांनी नोकरीवर पाणी सोडले. विचार सोडले नाहीत.

मूल नसलेल्या बाईला वांझ म्हणून हिणवण्याचा तो काळ. त्या काळात रघुनाथराव व मालतीबाई यांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. आधी केले, मग सांगितले!

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तो खटलाही हरला. तरी मासिक थांबले नाही. पदराला खार लावून त्यांनी ते शेवटपर्यंत चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ साली, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. ज्या कामासाठी कर्व्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, ते आता सरकारी काम झाले. मग कर्वे जिंकले असे म्हणायचे का?

पुढचा इतिहास पाहिला की मन साशंक होते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. कितीतरी गरिबांना धाकदपटशाने नेले गेले. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. पुढे आपल्याच राज्यात सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्यांना ग्रामपंचायतीचे सदस्यत्व नाकारणारा नियम लागू झाला. तिसरे मूल त्या बाईच्या इच्छेने झाले, की मुलगाच हवा या सासरच्या हट्टापायी, हे नियम विचारत नाही. खुर्ची मात्र तिची जाते.

कर्वे आणि सरकार दोघांनीही लहान कुटुंबच मागितले. पण कर्व्यांनी ज्ञान दिले, साधने दिली आणि निर्णय स्त्रीवर सोपविला. सरकारने आकडा ठरविला आणि माणसांना त्या आकड्यात बसविले. लादलेले बाळंतपण आणि लादलेली नसबंदी या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत जिच्या देहाचा प्रश्न, तिलाच विचारले जात नाही.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. आमच्या आजीच्या पिढीला तुला किती मुले हवीत, असे कोणी कधी विचारले नाही. आज वर्गात आमच्या शेजारी बसणाऱ्या भगिनींना तरी हा प्रश्न कोणी विचारणार आहे का? ज्या दिवशी तो घराघरांत विचारला जाईल, त्या दिवशी रघुनाथरावांचे ऋण थोडेफार फिटेल. या एकाकी लढवय्याला विनम्र अभिवादन!