खडकीचा शिल्पकार : मलिक अंबर

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही नवी मुंबईत राहता. सकाळी उठून नळ सोडला की पाणी येते. ते कोठून येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपले हे शहर आखून वसवलेले आहे. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर जेथे भातशेती, मिठागरे आणि लहान लहान गावे होती, तेथे वाशी, नेरूळ, बेलापूर अशी नगरे उभी राहिली. आज खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून आपल्यापर्यंत येते. शहर वसवायचे असेल, तर आधी पाण्याची सोय करावी लागते. ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच एका माणसाने ओळखली होती. त्याचे नाव मलिक अंबर.

चला, आज आपण त्याच्या शहराची सैर करू. ठाण्याहून किंवा कल्याणहून रेल्वेने निघालात, तर नाशिक, मनमाड अशी स्थानके मागे टाकत तुम्ही छत्रपती संभाजीनगरला पोहोचाल. २०२३ पर्यंत या शहराचे नाव औरंगाबाद होते. तुमच्या घरातील वडीलधारी माणसे अजून तेच नाव घेत असतील. पण मलिक अंबरच्या वेळी या जागेला खडकी म्हणत. खाम नदीच्या काठचे ते एक लहानसे खेडे होते.

शहर पाहण्याआधी ते वसवणाऱ्याची ओळख करून घेऊ.

हबश हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. आफ्रिका खंडातील या देशाला आज इथिओपिया म्हणतात. तेथे १५४८ च्या सुमारास एका गरीब घरात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. त्या काळी माणसांचा बाजार भरत असे. लहानपणीच चापूला गुलाम म्हणून विकले गेले. आईवडील, घर, भाषा, सारे काही मागे राहिले. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे, एका देशातून दुसऱ्या देशात असा त्याचा प्रवास सुरू झाला. तुमच्या वयाच्या मुलाला बाजारात उभे करून त्याची किंमत ठरवली जाते, अशी कल्पना करून पाहा. म्हणजे चापूच्या मनाला काय यातना झाल्या असतील, ते तुम्हांला समजेल.

बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. हा मालक जाणता होता. मुलगा हुशार आहे, हे त्याने ओळखले. त्याने त्याला लिहायला वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभार शिकवला. चापूने इस्लाम धर्म स्वीकारला आणि त्याला अंबर हे नवे नाव मिळाले. शिक्षण हीच त्याची पहिली कमाई होती. ती कोणीही त्याच्याकडून काढून घेऊ शकत नव्हते.

पुढे मीर कासिम त्याला घेऊन दख्खनला आला. त्या वेळी अहमदनगरला निजामशाहीचे राज्य होते. हे अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने अंबरला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशी होता आणि एके काळी गुलाम होता. गुलामही मोठ्या पदाला पोहोचू शकतो, हे अंबरने येथे डोळ्यांनी पाहिले. लढाई आणि राज्यकारभार या दोन्ही गोष्टी तो येथे शिकला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत नोकरी केली. तेथेच त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो अवघे दीडशे घोडेस्वार घेऊन पुन्हा निजामशाहीत आला.

तो काळ मोठ्या संकटाचा होता. दिल्लीच्या मोगलांना सारे दख्खन जिंकायचे होते. १६०० साली अहमदनगरचा किल्ला पडला. शूर चांदबिबीचा अंत झाला. आता निजामशाही संपली, असे सर्वांना वाटले. पण मलिक अंबरने धीर सोडला नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका वारसाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. विखुरलेले सैनिक त्याच्याभोवती जमू लागले. त्यांत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते.

मोगलांची फौज फार मोठी होती. तिच्याशी मैदानात समोरासमोर लढणे शक्य नव्हते. म्हणून मलिक अंबरने गनिमी काव्याचा उपयोग केला. चपळ घोड्यांवरील मराठे स्वार अचानक छापा घालत, शत्रूची रसद तोडत आणि डोंगरात दिसेनासे होत. जहांगीर बादशाह या माणसावर इतका चिडला होता की, त्याच्या चित्रकाराने, अबुल हसनने, एक विलक्षण चित्र काढले. त्या चित्रात बादशाह मलिक अंबरच्या कापलेल्या डोक्यावर बाण मारताना दिसतो. प्रत्यक्षात मात्र मलिक अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

१६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी येथे राजधानी वसवण्यास सुरुवात केली. आता आपण शहरात शिरू.

समोर एक भव्य कमान दिसते आहे ना? तो भडकल दरवाजा. मोगलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ साली बांधला. या शहराला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. त्यांतील दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा हे पुढे औरंगजेबाच्या काळात झाले. भडकल दरवाजा त्यांच्याहून जुना आहे.

येथून जवळच मलिक अंबरचा नौखंडा महाल होता. आज त्याचा थोडाच भाग उरला आहे. त्या आवारात आता मुलींचे महाविद्यालय आहे. जेथे एके काळी दरबार भरत असे, तेथे आज मुली पुस्तके घेऊन जातात. शिक्षणामुळे ज्याचे आयुष्य बदलले, त्याच्या वाड्याला याहून चांगला उपयोग कोणता असेल?

जुन्या वस्तीतून चालत जा. काळ्या दगडाची काली मशीद पाहा. जामा मशिदीचे मूळ बांधकामही मलिक अंबरच्या काळातले आहे. मग शहागंजच्या बाजारात या. मध्यभागी घड्याळाचा मनोरा आहे. भोवती फळे, भाज्या, कपडे आणि भांडी यांची दुकाने आहेत. हातगाडीवाले ओरडून गिऱ्हाईक बोलावत आहेत. उर्दू, दख्खनी, मराठी सगळ्या बोली एकाच वेळी कानांवर पडतात. पुढे गुलमंडीकडे वळा. सूत आणि रेशीम यांपासून विणलेले हिमरू कापड ही या शहराची खासियत आहे. भूक लागली असेल, तर नान-कलिया खाऊन पाहा.

या शहराच्या जुन्या पेठांची नावे मोठी बोलकी आहेत. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी वस्त्यांची नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली. परमुलखातून आलेल्या माणसाने या मातीतल्या माणसांना आपल्या राजधानीत असे मानाचे स्थान दिले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहू. त्यासाठी मान वर करू नका, पायाखाली पाहा.

खडकी या नावातच खडक आहे. नदी लहान होती. उन्हाळ्यात तिला पाणी कमी असे. एवढ्या लोकांना पाणी कोठून आणायचे? मलिक अंबरने उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी जमिनीखालच्या पाण्याचा शोध घेतला. तेथून शहरापर्यंत जमिनीखालून पक्का कालवा बांधला. कालव्याला अगदी बेताचा उतार दिला, त्यामुळे पाणी आपोआप वाहत आले. ना मोट लागली, ना बैल. हवा खेळावी आणि आत उतरून सफाई करता यावी, म्हणून मध्ये मध्ये विहिरीसारखी उभी तोंडे ठेवली. शहरात आल्यावर भाजलेल्या मातीच्या नळांतून हे पाणी हौदांत पोहोचत असे. जमिनीखाली असल्यामुळे ते उन्हाने आटत नसे आणि शत्रूला सहज सापडत नसे. या कालव्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. नहर हा शब्द तर तुमच्या उर्दूतलाच आहे.

शहरातील प्रसिद्ध पाणचक्की तुम्ही पाहालच. ती मलिक अंबरच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी बांधली गेली. तिची नहरही निराळी आहे, पण तंत्र तेच आहे. लांबच्या डोंगरातील पाणी नळांतून येते, उंचावरून हौदात पडते आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर आणि यात्रेकरूंसाठी तेथे पीठ दळले जात असे. मलिक अंबरने दाखवलेल्या वाटेने जाऊन पुढच्या राज्यकर्त्यांनी शहरासाठी आणखी नहरी बांधल्या.

मलिक अंबरने शेतकऱ्यांकडेही लक्ष दिले. पूर्वी सारा वसूल करण्याचा ठेका दिला जाई. ठेकेदार मन मानेल तसा पैसा उकळत. मलिक अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीची मोजणी करून घेतली. जमीन कसदार आहे की हलकी, पीक किती येते, हे पाहून सारा ठरवला. ही पद्धत मलिकंबरी या नावाने महाराष्ट्रात दीर्घकाळ ओळखली गेली. १६१७ साली पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा एक डच व्यापारी त्याला भेटला. या राज्यात कायद्याचा धाक आणि चांगली व्यवस्था आहे, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

पण हे सुख अखंड टिकले नाही. १६१६ साली जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबरचा पराभव झाला. मोगल फौज खडकीत शिरली आणि तिने शहर जाळले. घरे, बाजार, वाडे यांची राख झाली. मलिक अंबर तेव्हा सत्तरीच्या जवळ आला होता. दुसरा कोणी असता, तर खचून गेला असता. त्याने शहर पुन्हा उभे केले. १६२१ साली मोगलांनी खडकीची पुन्हा नासधूस केली. तरीही त्याने हार मानली नाही. जमिनीवरचे शहर जळाले होते, परंतु जमिनीखालची नहर शाबूत होती. पाणी होते, म्हणून माणसे परत आली.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या. मलिक अंबरने तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल झाला. मग त्याने हल्ला करून मोठा विजय मिळवला. या लढाईत शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने पराक्रमाने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच धारातीर्थी पडले. शिवभारत या संस्कृत काव्यातही या लढाईचे वर्णन आहे.

मित्रांनो, मलिक अंबरमध्ये दोष नव्हते असे नाही. तो सत्तेच्या बाबतीत कठोर होता. लखुजी जाधव यांच्यासारखे मातब्बर सरदार त्याला सोडून मोगलांकडे गेले. भातवडीनंतर शहाजीराजेही काही काळ आदिलशाहीत गेले. माणसे जोडण्यात कुशल असलेल्या मलिक अंबरला ती सर्वच टिकवून ठेवता आली नाहीत. परंतु तो जिवंत असेपर्यंत मोगलांना निजामशाही बुडवता आली नाही.

१६२६ साली ऐंशीच्या घरात असताना त्याचा मृत्यू झाला. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या खुलताबाद येथे त्याची कबर आहे. वेरूळची लेणी पाहायला जाताना हे गाव लागते. बीबी का मकबरा पाहणाऱ्यांची जेवढी गर्दी असते, तेवढी येथे नसते. तुम्ही मात्र थोडा वेळ थांबा. ज्याला बाजारात अनेकदा विकले गेले, तो माणूस येथे विसावला आहे.

त्याच्या शहराचे पुढे काय झाले? त्याचा मुलगा फतेहखान याने खडकीला फतेहनगर हे नाव दिले. १६५३ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि शहर औरंगाबाद झाले. आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. चार नावे झाली, पण ज्याने ते वसवले त्याचे नाव त्यांत कोठेच नाही. त्याचे नाव राहिले ते नहरीला आणि सारापद्धतीला, म्हणजे तहानलेल्याच्या पाण्यात आणि शेतकऱ्याच्या शेतात.

नहरीचे काही भाग आज बुजले आहेत, काही तुटले आहेत. काही ठिकाणी लोक त्यात कचरा टाकतात. तुम्ही तेथे सहलीला गेलात, तर दरवाजे आणि मकबरा पाहाच. पण एखाद्या जुन्या रहिवाशाला नहरीचे तोंड कोठे आहे, हेही विचारा. ते सापडले की त्यात कागदाचा कपटासुद्धा टाकू नका.

आणि नवी मुंबईत परत आल्यावर नळ सोडाल, तेव्हा क्षणभर विचार करा. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील दूरच्या गावांहून या शहरात आले आहेत. हे शहर आपले आहे का, असा प्रश्न कधी मनात आला, तर मलिक अंबर आठवा. तो खडकीत जन्मला नव्हता. तरीही त्याने खडकीला पाणी दिले आणि खडकी त्याची झाली.